मागचं चाक आधी

सायकल बांधून घ्यायची म्हटलं की बहुतेकांची चर्चा फ्रेमपासून सुरू होते आणि फ्रेमपाशीच संपते. क्रोमोली घ्यायची की ॲल्युमिनियम, रंग कोणता, हँडल सरळ हवं की वळणाचं. चाकांची पाळी येईपर्यंत पैसे आणि उत्साह दोन्ही आटलेले असतात. रोज कामावर सायकलने जाणाऱ्या माणसाने हा क्रम उलटा धरावा, असं माझं ठाम मत आहे. चांगली स्टीलची फ्रेम वर्षानुवर्षं काही मागत नाही. खड्डे, स्पीडब्रेकर, पाठीमागचं ओझं आणि पाऊस हे सगळं चाकाला सोसावं लागतं, आणि त्यातलं जास्त मागच्या चाकाला.

हे मत पक्कं व्हायला कारणीभूत झालेली दोन माणसं पुण्यातल्या एकाच घरातली आहेत. मामांचा जन्म पेठेतल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेला. पुण्यात शाळेला, कचेरीला, कारखान्याला सायकलने जाणं ही साधी रीत होती, तेव्हापासून ते चाकं बांधत आहेत. त्यांची भाची मेकॅनिकल इंजिनिअर आहे. ती कोथरूडला राहते आणि नोकरीला हिंजवडीला जाते. तिच्या मापाची क्रोमोली फ्रेम तयार होऊन आली आहे. मागे १३५ मिलिमीटर रुंदीचं हब बसेल एवढी जागा, डिस्क ब्रेकची सोय, मडगार्ड आणि कॅरिअरसाठी आटे पाडलेली भोकं. बाकी सगळं ठरायचं होतं. सायकल मजबूत हवी यावर दोघांचं एकमत, पण मजबूत कशाला म्हणायचं यावर मात्र अजिबात नाही. वाटेतल्या कुठल्याही दुकानात जी दुरुस्त होते ती मामांच्या लेखी मजबूत. जिच्यासाठी वाटेत दुकान शोधावंच लागत नाही ती भाचीच्या लेखी मजबूत.

भाची : मामा, चाकं तयार मिळतात. मशीनवर बांधलेली, २४ तारांची, हलकी. त्यात एवढं ठरवण्यासारखं काय आहे?

मामा : तयार चाक वाईट असतं असं मी म्हणत नाही. पण २४ तारांचं चाक शर्यतीच्या सायकलला. त्यातली एक तार तुटली की चाक इतकं आऊट होतं की टायर फ्रेमला घासायला लागतो. मग तू बाणेरच्या फूटपाथवर सायकल हातात धरून उभी. ३६ तारांच्या चाकातली एक तुटली तर चाक जरा डगडगतं, पण तू घरी पोचतेस.

भाची : पण तार तुटावीच का? माझं वजन काही फार नाही.

मामा : तू धर, लॅपटॉप धर, डबा, रेनकोट, कुलूप धर, सायकलही धर. किती झालं?

भाची : ८५ किलो. त्यातलं साधारण साठ टक्के मागच्या चाकावर. म्हणजे ५० किलोच्या वर.

मामा : आता तूच सांग, रोज किती वेळा?

हा हिशेब तिने तिथल्या तिथे मांडला, आणि तो मांडून बघण्यासारखा आहे. ३५ मिलिमीटर रुंदीच्या ७०० टायरचा घेर साधारण २.१७ मीटर. एका बाजूचं अंतर १६ किलोमीटर धरलं तर चाक ७,३०० हून जास्त वेळा फिरतं. जाऊन-येऊन साडेचौदा हजारांच्या वर. वर्षाला कामाचे २५० दिवस धरले तर जवळपास ३७ लाख फेरे. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा चाकाच्या तळाशी येते, तिचा ताण उतरतो आणि पुन्हा चढतो. तार तुटते ती एखाद्या मोठ्या दणक्याने क्वचितच; या लाखो उतार-चढावांनी थकून ती तुटते. तुटण्याची जागाही बहुधा ठरलेली असते. हबच्या भोकात जिथे तार काटकोनात वळते, ते कोपर.

भाची : मी तर वाचलं होतं की हब वरच्या तारांना लटकलेलं असतं.

मामा : सगळे तसंच सांगतात.

भाची : पण गणित तसं सांगत नाही. जॉब्स्ट ब्रँट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९८१ मध्ये ‘द बायसिकल व्हील’ हे पुस्तक लिहिलं, त्यात त्याने ते उलगडून दाखवलंय. वजन आलं की वरच्या तारांचा ताण जवळपास वाढत नाही. खालच्या तीन-चार तारांचा तेवढा कमी होतो. बाकीच्यांना फारसा पत्ताही लागत नाही.

मामा : म्हणजे ताण आधीच भरपूर हवा. खालची तार साफ ढिली पडली की चाक गेलं. हे मी पुस्तकाशिवाय सांगतोय तुला कधीपासून.

बैलगाडीच्या चाकात आरे दाबले जातात. लाकूड दाब सोसतं, म्हणून आरे जाड. दोन मिलिमीटरची तार दाबली तर वाकून जाईल, त्यामुळे सायकलचं चाक त्याच्या अगदी उलट तत्त्वावर उभं आहे. आधीच ताणून ठेवलेल्या तारा आणि त्यांना तोलून धरणारी रिम. जॉर्ज केली या इंग्रज संशोधकाने ही कल्पना १८०८ मध्येच आपल्या टिपणांत मांडली होती, तीही उडणाऱ्या यंत्रासाठी हलकं चाक हवं म्हणून. कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने १८७४ मध्ये तारा हबमधून सरळ न काढता तिरप्या, एकमेकींना छेद देत लावण्याचं पेटंट घेतलं. पॅडल मारल्याचा पीळ हबकडून रिमपर्यंत नीट पोचायला हा तिरपेपणा लागतो. आज आपल्याकडच्या साध्या दुधवाल्याच्या सायकलचं चाकही त्याच पद्धतीने बांधलेलं असतं.

ओझ्याचा आणि फेऱ्यांचा हिशेब समोर होता, त्यामुळे तारांची संख्या लवकर ठरली : मागे ३६, पुढे ३२. जुन्या इंग्लिश घडणीच्या रोडस्टरला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असत. मागच्या चाकाला जास्त लागतं, हे त्या लोकांना चांगलं कळलं होतं. पण तारेच्या जाडीवर गाडी अडली.

मामा : तार जाडच हवी. बारीक तार म्हणजे काटकसर.

भाची : मामा, इथे तुझं चुकतंय. मधे बारीक आणि दोन्ही टोकांना जाड अशी तार जास्त टिकते. बटेड म्हणतात तिला. टोकांना २ मिलिमीटर, मधे १.८.

मामा : मधेच बारीक केलीस तर मधेच तुटेल.

भाची : मधे तुटते कधी? तू किती तारा बदलल्या असशील. मधून तुटलेली किती वेळा पाहिलीस?

मामा : (थोडं थांबून) क्वचित. काहीतरी अडकलं असेल तरच. नाहीतर कोपर, नाहीतर आटे.

भाची : बघ. मधला भाग बारीक केला की तेवढ्याच ताणाला तार थोडी जास्त लांबते. मग खड्ड्यात रिम दबली तरी तार पूर्ण ढिली पडत नाही, ओढलेलीच राहते. बसणारा हिसका कोपराऐवजी मधला लांब भाग पोटात घेतो.

मामांना हे पटायला वेळ लागला. त्यांनी हो म्हटलं नाही, फक्त कोपर बारीक असता कामा नये एवढं धरून ठेवलं. आणि तो आग्रह बरोबर होता. हबच्या भोकात तार सैल बसली तर कोपर दर फेऱ्याला हलतं, म्हणून मामा गरज पडेल तिथे तारेच्या डोक्याखाली पितळेची बारीक वायसर घालतात. डीटी स्विसची अल्पाइन थ्री ही तार दोघांचंही समाधान करते. कोपरापाशी २.३४ मिलिमीटर, मधे १.८, आट्यांपाशी २. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला ती लावायची आणि बाकी सगळीकडे २-१.८-२ ची साधी बटेड तार, असं ठरलं. तारा स्टेनलेसच्या, रिमपाशी त्या आवळणारे निपल पितळेचे. ॲल्युमिनियमचे निपल रंगीत आणि हलके असतात, पण पावसापाण्यात ते धरून बसतात आणि पुढे आऊट काढताना चावीखाली त्यांचे कोपरे झडतात. या मुद्द्यावर दोघांत वादच नव्हता.

चाक बांधलं मामांनी. भाची ताण मोजायचं मीटर घेऊन समोर बसली होती.

आधी हबच्या भोकांतून सगळ्या तारा ओवून झाल्या. प्रत्येक तार रिमपर्यंत जाताना बाजूच्या तिघींना छेद देईल अशी रचना. शेवटच्या छेदात ती तिसरीच्या खालून जाते, त्यामुळे दोघी एकमेकींना टेकून राहतात. मग निपल समान फिरवत आणले, प्रत्येकाचे तितकेच आटे दिसतील असे. मग हळूहळू ताण, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने, रिमभर फिरून पुन्हा पहिल्यापासून. मागच्या चाकात उजवीकडे गिअरची कॅसेट बसते, म्हणून रिम मध्यावर आणायची तर उजव्या तारा जवळपास उभ्या राहतात आणि डाव्या जास्त तिरप्या. त्यामुळे उजवीकडे ताण ११०-१२० किलोपर्यंत नेला तरी डावीकडे तो त्याच्या निम्म्याच्या जरा वरच राहतो. तार ढिली होऊन निपल आपोआप सुटण्याचा धोका म्हणून डाव्या बाजूला जास्त.

ताण चढल्यावर मामांनी जे केलं ते बहुतेक दुकानांत कोणी करत नाही. शेजारच्या दोन जवळपास समांतर तारा एका मुठीत धरून त्यांनी कचकचून दाबल्या, दोन्ही बाजूंना एकदम. मग पुढच्या दोन. असं पूर्ण चाकभर. दाबताना तारांमधून बारीक कटकट आवाज येत होता. तार वळवताना तिच्या कोपरात जो आतला ताण राहून गेलेला असतो, तो या जादा ताणाने निघून जातो आणि तार हबच्या कडेवर नीट बसते. ब्रँटने आपल्या पुस्तकात याच कृतीवर भर दिला आहे. मामांनी ती त्यांच्या उस्तादाकडून घेतली.

भाची : आता मीटर लावू?

मामा : लाव. मी आधी सांगतो. (तारा एकेक बोटाने छेडत) उजव्या बाजूला सगळं ठीक. डावीकडे... ठीक आहे.

भाची : उजवीकडे अगदी एकसारखं आहे. डावीकडे या दोन खाली आहेत. ही आणि ही. बाकीच्यांपेक्षा पंचवीस टक्क्यांनी कमी.

मामा : (पुन्हा छेडून) हो. ढिला सूर आहे, माझ्या कानातून निसटला. आण चावी.

कानाला कमी आणि मीटरला जास्त, असा निष्कर्ष मी यातून काढत नाही. उजव्या बाजूच्या अठरा तारा मीटरशिवाय एका पट्टीत आणणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण डाव्या बाजूच्या कमी ताणात कान फसतो, आणि नेमक्या तिथेच तारा सुटतात. बांधणाऱ्याचा हात आणि मोजायचं यंत्र दोन्ही मिळत असतील तर दोन्ही घ्यावीत. एकच मिळणार असेल तर मी हात निवडेन, कारण मीटर फक्त चूक दाखवतं.

ब्रेक आणि हब यांचे वाद चाक बांधायच्या आधीच झाले होते. ब्रेकच्या प्रश्नावर भाचीने बाजी मारली.

मामा : व्ही-ब्रेक घे. रबर कुठेही मिळतं, केबल कुठेही मिळते.

भाची : आणि पावसाळ्यात? ब्रेक दाबला की रस्त्यावरची रेती रबर आणि रिमच्या मधे येते. ते काळं-राखाडी पाणी रिमवरून ओघळतं ना, ती रिमच झिजून निघालेली असते.

मामा : झिजते. सगळ्यांची झिजते.

भाची : मग तू इतका जीव लावून बांधशील ते चाक मी ब्रेकने खरवडून टाकू? रिम झिजली की नवी रिम, म्हणजे सगळ्या तारा सोडून पुन्हा बांधणी. डिस्क लावली तर झीज चकतीची. ती काढून दुसरी लावायला काही मिनिटं लागतात.

मामांकडे याला उत्तर नव्हतं, आणि असण्याचं कारणही नाही. रिमवर ब्रेक लागणाऱ्या सायकलीत बाजूची भिंत झिजून आत खोलगट होत जाते, आणि शेवटी टायरच्या हवेच्या दाबानेच फाटते. काही रिमवर झीज कळावी म्हणून बारीक खाच किंवा ठिपका असतो. तो दिसेनासा झाला की रिम बदलायची वेळ झाली. रिमवर ब्रेक असलेली सायकल रोज पावसात चालवणाऱ्यांनी तिथे बोट फिरवून बघत जावं.

डिस्कमुळे चाकाच्या बांधणीवर एक बंधन येतं. ब्रेकचा जोर हबमधून तारांमार्गे रिमकडे जातो. त्यामुळे तारा हबमधून सरळ बाहेर नेलेलं देखणं चाक डिस्कला चालत नाही. तारा छेद देणाऱ्याच हव्यात, पुढच्या चाकातही. दुकानात कोणी सरळ तारांचं डिस्कचं चाक दाखवलं तर मागे सरा.

तेल भरलेली हायड्रॉलिक डिस्क की केबलची, यावर मामांनी केबलचा हट्ट धरला आणि भाचीने तो मान्य केला. पॅड झिजले की केबलची डिस्क अधूनमधून हाताने आवळावी लागते, हायड्रॉलिक स्वतः भरून काढते. रोज घाट उतरणाऱ्याला मी हायड्रॉलिकच सुचवेन. भाचीच्या वाटेवरच्या चांदणी चौकाचा उतार केबलची चांगली डिस्क सांभाळते.

हबवर दोघांची सगळ्यात कडाक्याची जुंपली.

मामा : कप-कोनचं हब घे. आत सुटे छर्रे. वर्षातून एकदा उघडायचं, रॉकेलने धुवायचं, नवं ग्रीस, नवे छर्रे, दोन पान्यांनी कोन बसवायचा. हब म्हातारं होईल, मरणार नाही.

भाची : वर्षातून एकदा उघडलं तर. किती जण उघडतात? तुझ्याच दुकानात येणाऱ्यांचं सांग.

मामा : खरखर आवाज आला की आणतात.

भाची : तोवर कपला खड्डे पडलेले असतात. कोन बदलता येतो, पण कप हबच्या अंगातच बसवलेला. म्हणजे हब गेलं, आणि हबबरोबर तू बांधलेलं चाक गेलं. सीलबंद बेअरिंगवर नंबर लिहिलेला असतो. ६००० असेल, ६९०२ असेल. तो नंबर घेऊन बेअरिंगच्या दुकानात जायचं, जुनं काढायचं, नवं ठोकायचं. हब तसंच.

मामा : ठोकायचं म्हणालीस ना, तिथेच मेलं ते. ठोकून बसवलेलं बेअरिंग महिनाभरात खडखडतं. त्याला दाबून बसवायचं हत्यार लागतं. खेडेगावच्या दुकानात ते नसतं.

भाची : मी खेडेगावात नोकरीला जात नाही, मामा.

हे तिचं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. मामांच्या डोक्यातली सायकल अजून चाकणच्या पलीकडे, मंचरच्या बाजाराला, जत्रेला जाणारी आहे. तिथे दुरुस्तीची सोय हाच सायकलचा जीव. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याने मामांचंच ऐकावं. पण शहरात रोज ठरलेल्या रस्त्याने जाणाऱ्याला बेअरिंगवाला आणि प्रेस असलेलं दुकान दोन्ही हाताशी असतात. तिथे पाणी-चिखल आत न शिरणं जास्त मोलाचं. सीलबंद बेअरिंगचं हब ठरलं.

हबमधली दुसरी गोष्ट वाचकांनी आवर्जून बघावी. स्वस्त गिअरच्या सायकलींत सहा-सात चकत्यांचं फ्रीव्हील हबवर आट्यांनी बसवलेलं असतं. उजवीकडचं बेअरिंग तेव्हा बरंच आत राहतं आणि ॲक्सलचा उजवा तुकडा आधाराशिवाय बाहेर लांबतो. खड्डे आणि ओझं यांनी तो वाकतो, कधी तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये उजवं बेअरिंग पार बाहेरच्या टोकापर्यंत नेलेलं असतं. ही रचना शिमानोने १९७० च्या दशकाच्या शेवटी रुळवली. एकाच गिअरच्या साध्या सायकलला फ्रीव्हील अरुंद असल्याने हा त्रास होत नाही, म्हणून मामांच्या जुन्या गिऱ्हाइकांचे ॲक्सल सरळ राहिले. गिअर हवेत आणि ओझंही न्यायचं आहे, तर कॅसेटच.

टायरच्या मापाबद्दल दुकानात फार गोंधळ असतो. ‘२८ इंची’ म्हटलं तर रोडस्टरचा ६३५ मिलिमीटरचा टायर येऊ शकतो आणि हायब्रिडचा ६२२ चाही. दोन्ही एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. टायरच्या बाजूवर ४०-६२२ असा आकडा छापलेला असतो. पहिला रुंदीचा, दुसरा रिमवर जिथे टायर बसतो तिथल्या व्यासाचा. रुंदीत थोडा फरक चालतो, व्यासात मिलिमीटरचाही नाही. भाचीच्या रिम ६२२ च्या घेतल्या, दुहेरी भिंतीच्या, आतून २१ मिलिमीटर रुंद.

मामा : टायर साधा घे. चाळीसचा, मऊ. पंक्चर काढायला दहा मिनिटं लागतात.

भाची : रात्री नऊ वाजता, हायवेच्या सर्व्हिस रोडवर, पावसात? मला दहा मिनिटंसुद्धा तिथे थांबायचं नाही.

मामा : (जरा वेळाने) मग जाड घे.

याच्यापुढे मामांनी टायरवर एक शब्द काढला नाही. श्वाल्बेच्या मॅरेथॉन प्लससारख्या टायरमध्ये नक्षीच्या आत पाच मिलिमीटर जाडीचा रबरी थर असतो. काच आणि तार सहसा त्यापलीकडे जात नाहीत. असा टायर जड असतो आणि चालवताना थोडा निर्जीव लागतो, ही मामांची तक्रार खरी आहे. दिवसा, वर्दळीतून, पाच किलोमीटर जाणाऱ्याने साधा टायर घेऊन सुखाने चालवावा. रात्री एकटीने परतणाऱ्या बाईच्या हिशेबात मात्र सायकल न थांबणं हीच पहिली मजबुती, आणि ते कोणत्याही कोष्टकात येत नाही.

रुंदीला चाळीस मिलिमीटर दोघांनाही मान्य होते. रुंद टायरमध्ये हवा कमी दाबाने भरता येते, मागे ५५ पीएसआय आणि पुढे ४५ च्या आसपास. खड्ड्याचा पहिला दणका टायर घेतो, मग रिम, मग तारा. अरुंद टायरमध्ये हवा कमी झाली की खड्ड्यात ट्यूब रिमच्या दोन कडांमधे चिमटली जाऊन तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा घ्यावा म्हणजे पेट्रोल पंपावर हवा भरता येते. त्यासाठी रिमचं भोक मोठं, साडेआठ मिलिमीटरचं लागतं, हे बांधणीआधी ठरवायला हवं.

जाड टायर रिमवर चढवणं कष्टाचं असतं. मामांनी तिला ते स्वतः करायला लावलं. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरुवात करायची, बसलेली कड दोन्ही अंगठ्यांनी रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलत यायचं, म्हणजे उरलेल्या कडेला सैलपणा मिळतो, आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. तिने तीनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा पाना न लावता चढला. जाड टायर घेणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा घरी करून बघावं, रस्त्यावर पहिल्यांदा नको.

ॲक्सलला दोघांनी नट ठेवले. झटक्यात उघडणाऱ्या लिव्हरने चाक चोरालाही झटक्यात काढता येतं. १५ चा पाना पिशवीत राहील.

बाकीचे भाग पटापट ठरले, कारण तिथे फारसा मतभेद नव्हता. बीबीला, म्हणजे पॅडलचे दांडे फिरतात त्या जागी, चौकोनी टोकाचा सीलबंद ॲक्सल : घालून विसरून जाण्यासारखी वस्तू. पुढे ३८ दात्यांचं एकच चेनव्हील, मागे आठ चकत्यांची ११ ते ३४ ची कॅसेट. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेऱ्याला सायकल साधारण २.४ मीटर पुढे जाते, म्हणजे चांदणी चौकाच्या चढावर डबा-लॅपटॉपसह बसून चढता येतं. आठ चकत्यांची चेन अकरा-बाराच्यापेक्षा स्वस्त, आणि सहज मिळते. चेनची झीज बघायला मामा पोलादी फूटपट्टी लावतात. नव्या चेनचे बारा पूर्ण जोड बरोबर बारा इंच भरतात. सोळांश इंच जास्त भरले की चेन बदलायची. आठांश इंचापर्यंत थांबलात तर तिने कॅसेटही खाल्लेली असते. मडगार्ड पूर्ण लांबीचे, पुढच्याला खाली रबरी झालर. कॅरिअरचे बोल्ट नायलॉनच्या नटाने आवळलेले.

दिव्यासाठी भाचीने पुढच्या चाकात डायनामो हब मागितलं. ६ व्होल्ट, ३ वॅट. मामांना टायरला घासून चालणारा बाटलीसारखा डायनामो आठवला, आणि रात्री बिनदिव्याचं पकडलं जाण्याची धास्तीही. हब डायनामो टायरला घासत नाही, पावसात घसरत नाही, चार्ज करायला विसरायचा प्रश्नच नाही. त्याच्यासाठी पैसे थोडे जास्त गेले आणि ते वाचवण्यासाठी गिअरचे शिफ्टर साध्या दर्जाचे घेतले. हा सौदा मला मनापासून पटला. शिफ्टर पुढे केव्हाही बदलता येतात, पण हब बदलायचं म्हणजे पूर्ण चाक नव्याने बांधायचं. म्हणून जे चाकात जाणार आहे त्यावर आधी खर्च करावा, जे चाकाबाहेर राहणार आहे ते नंतर सुधारावं. एकूण बजेटमधला निदान तिसरा हिस्सा दोन चाकांना द्यायला मी कुणालाही सांगेन.

तुम्ही सायकल बांधून घेणार असाल तर दुकानात शिरल्यावर रंगाबद्दल बोलण्याआधी मागच्या चाकाबद्दल विचारा. तारा किती, जाडी कोणती, हब कॅसेटचं की फ्रीव्हीलचं, आणि चाक कोण बांधणार? बांधणाऱ्याला भेटता आलं तर भेटा. पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर तारा बसतात आणि ताण थोडा उतरतो. तेव्हा कंटाळा न करता चाक परत त्याच माणसाकडे न्या आणि आऊट काढून घ्या. त्याची मजुरी ठरवताना घासाघीस करू नका.